शेजारी गोल आधी का होतो?

पेनल्टी घेणारा खेळाडू चेंडू ठेवून चार पावलं मागे सरकलाय. आपण श्वास रोखून बसलोय. तेवढ्यात भिंतीपलीकडून एकच आरडाओरडा होतो: गोल! आपल्या पडद्यावर तो अजून धावलासुद्धा नाही.

केबल काढून टाकून स्ट्रीमिंगवर सामने पाहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. मग जो तो म्हणतो, नेट स्लो आहे, जास्त स्पीडचा प्लॅन घ्या. हे निदान चुकीचं आहे.

आधी अंतराचा हिशेब करू. शेजाऱ्याची डिश ज्या उपग्रहाकडे तोंड करून आहे, तो 35,786 किलोमीटर उंचीवर आहे. तिथवर जाऊन परत यायला सिग्नलला साधारण पाव सेकंद लागतो. आपलं चित्र फायबरमधून येतं. त्यात प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून निघाला तरी सेकंदाच्या दहाव्या भागात पोहोचतो. रस्ता आपलाच जवळचा, तरीही आपण तीस-तीस सेकंद मागे! हा उशीर वाटेत होत नाही, तो माल बांधताना होतो.

फुल एचडी चित्राच्या एका फ्रेममध्ये 1920 × 1080 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला 24 बिट आणि सेकंदाला 50 फ्रेम धरल्या, तर सेकंदाला जवळपास 249 कोटी बिट होतात. घरच्या जोडणीवर पाठवायचे असतात 50 ते 80 लाख. एवढी काटछाट जमते, कारण लागोपाठच्या फ्रेममध्ये मैदान तेच असतं, हलतात ते खेळाडू आणि चेंडू. म्हणून एक फ्रेम पूर्ण पाठवतात, तिला की-फ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच कळवतात. काही फ्रेम तर आधीची आणि नंतरची अशा दोन्हींवरून बांधल्या जातात. त्यासाठी नंतरची फ्रेम येईपर्यंत थांबावं लागतं. उशिराची सुरुवात इथे होते.

डिशवरचं चित्रही असंच आवळलेलं असतं, पण ते धारेसारखं अखंड वाहत येतं. स्ट्रीमिंगमध्ये मात्र त्या धारेचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल करतात. अ‍ॅपलने 2009 मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत सुरुवातीला दहा सेकंदांचा तुकडा सुचवला होता, पुढे तो सहावर आला. सहा सेकंदांचा तुकडा सहा सेकंद भरल्याशिवाय, प्लेअर जी पाहून तुकडे मागवतो त्या यादीत चढत नाही. तो की-फ्रेमने सुरू व्हावा लागतो, कारण मध्येच आलेल्या प्रेक्षकाला तिथूनच चित्र उभं करता येतं, आणि नेट मंदावलं की प्लेअर तिथेच कमी दर्जाच्या तुकड्यावर उडी मारतो. शिवाय प्लेअर मुद्दाम किमान तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो, म्हणजे नेटने क्षणभर दगा दिला तरी हाताशी साठा राहतो. तीन सक अठरा सेकंद इथेच गेले. त्यात चित्र आवळण्याचा आणि सर्व्हरवरून सर्व्हरवर फाइल पोहोचण्याचा वेळ मिळवा. तुमचा स्पीड दुप्पट झाला म्हणून न भरलेला तुकडा लवकर भरत नाही.

मग तुकडे करायचेच कशाला? कारण साधी फाइल कुठल्याही सर्व्हरवर ठेवून लाखोंना वाटता येते. डिशच्या सिग्नलखाली आणखी एक घर आलं तरी प्रक्षेपकाचं काम वाढत नाही. स्ट्रीमिंगमध्ये सहसा प्रत्येकाला वेगळी प्रत द्यावी लागते.

सामना बघताना जागेवरून हलायचं नाही, हललं की आपला संघ हरतो, असं मनापासून मानणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की तुम्ही बोटं घट्ट धरून बसता तेव्हा चेंडू जाळ्यात जाऊन अर्धा मिनिट झालेला असतो. अर्धा मिनिट जुन्या गोष्टीवर तुमच्या खुर्चीचा काय परिणाम होणार? 'शून्य विलंब' म्हणणाऱ्या जाहिरातींवरही विश्वास ठेवू नका, चित्र आवळायलाच वेळ लागतो.

उशीर कमी मात्र करता येतो. 2019 मध्ये अ‍ॅपलने याच पद्धतीचं कमी विलंबाचं रूप मांडलं. त्यात तुकडा पूर्ण भरायची वाट न बघता त्याचे सेकंदाहून लहान भाग तयार होतील तसे पाठवतात. उशीर काही सेकंदांवर येतो, पण साठा घटल्यामुळे नेट जरा डगमगलं की चित्र अडकायची शक्यता वाढते.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. चित्र मध्येच अडकून पुन्हा सुरू झालं की बऱ्याचदा प्लेअर थांबला होता तिथूनच पुढे जातो, आणि प्रत्येक अडखळणीला आपण आणखी मागे पडतो. पेनल्टीची शिटी वाजायच्या आधी एकदा 'लाइव्ह'चं बटण दाबून घ्या.