फॉर्मॅट मारला म्हणजे पुसले गेले का?

वापरलेला संगणक विकताना ‘फॉर्मॅट मारून दिला आहे’ असे विकणारा जितक्या सहजपणे सांगतो, तितक्याच सहजपणे घेणारा त्यावर विश्वास ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली, पडद्यावर स्वागताचा मजकूर आला, भाषा आणि देश कोणता असे विचारले गेले, की संगणक कोरा झाला अशी दोघांचीही समजूत होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवल्यामुळे, विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या पण एरवी ठणठणीत असलेल्या अनेक संगणकांवर हात बदलण्याची वेळ आली आहे. तेव्हा ही समजूत तपासून घेणे उपयोगाचे ठरेल. ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा टाकणे आणि आधीचे पुसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली केल्याने दुसरी आपोआप होत नाही, आणि संगणकाच्या काही कोपऱ्यांपर्यंत तर दोन्ही पोचत नाहीत.

विंडोजच्या डिस्कवर फाइलींची व्यवस्था ज्या एनटीएफएस पद्धतीने ठेवलेली असते, तिच्यात प्रत्येक फाइलची नोंद एका मोठ्या तक्त्यात असते. ही नोंद साधारणपणे १०२४ बाइटची असते. तिच्या आरंभी ‘एफ, आय, एल, ई’ ही चार अक्षरे लिहिलेली असतात, आणि तेविसाव्या बाइटमधला एक बिट १ असेल तर फाइल वापरात आहे व ० असेल तर नोंद मोकळी आहे, असे ऑपरेटिंग सिस्टीम समजते. रिसायकल बिन रिकामी केली की तो बिट १ चा ० होतो आणि फाइलने अडवलेली जागा मोकळी म्हणून मांडली जाते. प्रत्यक्ष मजकूर, मग तो फोटो असो की हिशेबाची वही, जागच्या जागी राहतो. क्विक फॉर्मॅटमध्ये याहून फारसे वेगळे घडत नाही: नवा, जवळजवळ रिकामा तक्ता मांडला जातो आणि जुन्या तक्त्याकडे पाठ फिरवली जाते. विंडोज टाकताना मधेच जे फॉर्मॅटचे बटण दिसते, तेही क्विक फॉर्मॅटच करते. नवी विंडोज डिस्कवरची साधारण २० ते ३० जीबी जागा व्यापते. डिस्क ५०० जीबीची असेल तर उरलेल्या जागेवर आधीच्या मालकाचा संसार तसाच पडून असण्याची शक्यता असते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कबाबत तर ती जवळजवळ खात्रीच म्हणावी लागेल.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या अमेरिकेतील एमआयटी संस्थेतील दोन संशोधकांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १२९ डिस्क वाचता आल्या. पूर्णपणे आणि नीट पुसलेल्या निघाल्या त्या फक्त १२. उरलेल्यांत पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती आणि हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले.

अशा डिस्कवर उपाय सोपा आहे: सगळीकडे एकदा शून्ये लिहून काढणे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉर्मॅट हेच काम करते. येथे एका आधुनिक अंधश्रद्धेचा उल्लेख करणे भाग आहे. पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये चुंबकीय डिस्क पुसण्यासाठी ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली होती. त्या ३५ फेऱ्या म्हणजे त्या काळच्या निरनिराळ्या प्रकारच्या डिस्कसाठी सुचवलेल्या उपायांची बेरीज होती. कोणत्याही एका डिस्कला त्या सगळ्या लागत नव्हत्या. तरीही अनेकांनी आकडा तेवढा उचलला आणि त्याचे अनुष्ठान सुरू केले. लोक या पद्धतीकडे भूतबाधा उतरवण्याच्या मंत्रासारखे पाहतात, असा शेरा पुढे खुद्द गुटमन यांनीच मारला. आजच्या हार्ड डिस्कला एक फेरी पुरते, आणि एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये मजकूर साठवणाऱ्या ड्राइव्हला, पस्तीस फेऱ्यांनीही खात्री मिळत नाही.

एसएसडीला ती का मिळत नाही, हे जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. एसएसडीमध्ये प्रत्येक बिट शेवटी इलेक्ट्रॉनांच्या रूपाने साठवलेला असतो. अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरच्या आत, चहूबाजूंनी विसंवाहक थराने वेढलेल्या एका बंदिस्त जागेत, हे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात. ही कल्पना दवॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मांडली. इलेक्ट्रॉनांना आत ढकलण्यासाठी २० व्होल्टच्या आसपासचा विद्युतदाब लावला जातो. एरवी ज्या विसंवाहक थरातून त्यांना वाटच नाही, त्यातून पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांमुळे काही इलेक्ट्रॉन पलीकडे निघतात. विद्युतदाब काढला की ते आतच राहतात, वीज बंद असली तरी वर्षानुवर्षे. उलट दिशेने दाब लावला की बाहेर येतात. दर वेळी त्या पातळ थराची थोडी झीज होते, म्हणून अशी प्रत्येक जागा, म्हणजे ‘पेशी’, काही हजार वेळाच पुसता येते.

खरी गंमत आहे ती लिहिण्याच्या आणि पुसण्याच्या मापांतील फरकात. एसएसडीत वापरल्या जाणाऱ्या नॅन्ड प्रकारच्या फ्लॅश स्मृतीत लिहिण्याचे एकक ‘पेज’ हे असते, साधारण ४ ते १६ किलोबाइटचे. पुसण्याचे एकक मात्र ‘ब्लॉक’, ज्यात अशी शेकडो पेजे असतात. लिहिलेल्या पेजवर पुन्हा लिहिता येत नाही, आधी संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. पाटीवरचा एक शब्द बदलण्यासाठी आख्खी पाटी धुवावी लागावी, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक छोट्या बदलासाठी हे करत बसले तर एसएसडी अतिशय मंद होईल आणि लवकर झिजेलही. म्हणून तिच्यातला नियंत्रक एक युक्ती करतो. ऑपरेटिंग सिस्टीमने ‘१००० क्रमांकाच्या जागी हे लिही’ असे सांगितले, की तो नवा मजकूर दुसऱ्याच एखाद्या रिकाम्या पेजवर लिहितो आणि आपल्या खासगी तक्त्यात नोंद बदलतो: १००० म्हणजे आता हे नवे पेज. जुने पेज ‘शिळे’ ठरते, पण त्यातील इलेक्ट्रॉन हललेले नसतात. शिळी पेजे पुरेशी साठली, की नियंत्रक सवडीने एखाद्या ब्लॉकमधली जिवंत पेजे दुसरीकडे हलवतो आणि मग तो ब्लॉक पुसतो.

याचा अर्थ असा की, ऑपरेटिंग सिस्टीमला दिसतात ते क्रमांक आणि प्रत्यक्ष पेशी यांच्यात कायमचे नाते नसते. आपण ‘त्याच जागी’ शून्ये लिहिली तरी ती दुसऱ्याच पेशींत जाऊन पडतात. त्यात आणखी एक भर आहे. आत २५६ गिबिबाइट, म्हणजे सुमारे २७५ अब्ज बाइट साठवू शकणाऱ्या चिप असतात आणि वापरणाऱ्याला २५६ अब्ज बाइट तेवढे दाखवले जातात. हा सुमारे ७ टक्क्यांचा फरक नियंत्रक आपल्या हालचालींसाठी राखून ठेवतो. त्या राखीव भागात कधी कोणते शिळे पेज आहे, हे बाहेरून कोणत्याही प्रोग्रॅमला कळत नाही. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये एसएसडी उघडून थेट चिप वाचल्या, तेव्हा संपूर्ण ड्राइव्हवर दोनदा लिहूनही सर्व ड्राइव्ह कोऱ्या होतातच असे नाही, आणि एकेक फाइल पुसण्याच्या प्रचलित पद्धती तर येथे चालतच नाहीत, असे त्यांना आढळले.

ही बाजू सावरण्यासाठी ‘ट्रिम’ नावाची आज्ञा आहे. तिच्याद्वारे ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीला कळवते, की अमुक क्रमांकांची आता गरज उरलेली नाही. विंडोजमध्ये ती २००९ च्या विंडोज ७ पासून आहे, आणि क्विक फॉर्मॅट करतानाही ती संपूर्ण भागासाठी पाठवली जाते. म्हणून, वर सांगितले त्याच्या उलट, एसएसडीवर साधा क्विक फॉर्मॅट हार्ड डिस्कपेक्षा पुष्कळ अधिक पुसतो. मात्र ट्रिम ही सूचना आहे. प्रत्यक्ष ब्लॉक केव्हा पुसायचा ते नियंत्रकच ठरवतो, आणि ड्राइव्ह बाहेरून जोडण्याच्या यूएसबीच्या अनेक डब्या ही आज्ञा पुढे पोचवतच नाहीत.

खात्रीचा मार्ग म्हणजे ड्राइव्हला स्वतःलाच पुसायला सांगणे. त्यासाठी ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा असते. काही संगणकांच्या बायॉसमध्येही, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्येही, तिचा पर्याय दिसतो. वर उल्लेखलेल्या संशोधकांना काही ड्राइव्हमध्ये ही आज्ञाही सदोष आढळली होती, त्यामुळे मला स्वतःला याहून आवडतो तो दुसरा मार्ग. ड्राइव्हवरचा सर्व मजकूर पहिल्या दिवसापासून कूटबद्ध करून लिहायचा आणि पुसायची वेळ आली की फक्त किल्ली नष्ट करायची. कूटबद्ध करण्याच्या एईएस पद्धतीची २५६ बिटांची किल्ली म्हणजे अवघे ३२ बाइट. एवढे नाहीसे झाले, की एक टेराबाइट मजकूर निरर्थक होतो, मग तो शिळ्या पेजांत असो की राखीव भागात. विंडोजमधली बिटलॉकर ही कूटबद्ध करण्याची सोय चालू असेल तर हे निम्मे काम आधीच झालेले असते.

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. आधीच्या मालकाने ठेवलेल्या रिकव्हरी विभागातून विंडोज परत आणणे सोयीचे असले, तरी तो विभागही त्याच डिस्कवरचे साधे बाइट आहेत आणि कोणीही ते बदललेले असू शकतात. त्यापेक्षा भरवशाच्या दुसऱ्या संगणकावर, निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रतीपासून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करावा, त्यावरून संगणक सुरू करावा, डिस्कचे सर्व विभाग (पार्टिशन) काढून टाकावेत आणि मोकळ्या जागेत नव्याने सिस्टीम टाकावी. विंडोज ८ पासून बहुतेक तयार संगणकांची विंडोजच्या परवान्याची किल्ली मदरबोर्डवरील चिपमध्ये बसवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्येच, म्हणजे फर्मवेअरमध्येच, लिहिलेली असते, त्यामुळे डिस्क पुसल्याने परवाना जात नाही. टाकणारा प्रोग्रॅम ती किल्ली स्वतः वाचतो आणि कित्येकदा विंडोजची ‘होम’ आवृत्ती टाकायची की ‘प्रो’, हेही न विचारता ठरवतो. विंडोज ११ चालणार नसेल तर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम हा खराखुरा पर्याय आहे. ‘एका क्लिकमध्ये संगणक नव्यासारखा वेगवान’ असे सांगणारे प्रोग्रॅम मात्र कोणत्याही संगणकावर टाकू नयेत.

त्याच फर्मवेअरमध्ये डिस्क पुसल्याने न जाणाऱ्या इतर गोष्टीही राहू शकतात. ईसेट या कंपनीने २०१८ मध्ये उघडकीस आणलेला ‘लोजॅक्स’ हा घातक प्रोग्रॅम मदरबोर्डवरील चिपमध्ये बसत असे आणि नवी हार्ड डिस्क घातली तरी परत येत असे. असे प्रकार दुर्मीळ आहेत. तरी पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी निर्मात्याकडून नवे फर्मवेअर घेऊन टाकणे आणि सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्रॅमच चालू देणारी ‘सिक्युअर बूट’ ही सोय चालू आहे का ते पाहणे शहाणपणाचे. काही कुलपे तर संगणकाबाहेर असतात. एखाद्या संस्थेने आपले संगणक मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या संस्थांचे संगणक सांभाळण्याच्या सेवेत नोंदवले असतील, तर कोरी विंडोज टाकून इंटरनेट जोडताच ती त्या संस्थेचे लॉगिन मागू लागते, आणि ॲपलच्या अलीकडच्या मॅकवरील ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ही आधीच्या मालकाच्या खात्याशी बांधलेले असते. ही नोंद मूळ मालकालाच काढता येते, म्हणून पैसे देण्याआधी संगणक समोर सुरू करून इंटरनेटला जोडून पाहावा.

शेवटी एक किरकोळ वाटणारी बाब. जुन्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल, तर संगणकाचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. मग नवी सिस्टीम इंटरनेटवरची सुरक्षा प्रमाणपत्रे ‘अजून लागूच झालेली नाहीत’ असे समजून नाकारते, अपडेट उतरत नाहीत, परवान्याची तपासणी अडते, आणि दोष सिस्टीमला दिला जातो. पहिल्यांदा बायॉसमध्ये जाऊन तारीख बघावी. चुकलेली असेल तर बॅटरी बदलून ती नीट लावावी आणि मगच पेन ड्राइव्ह जोडावा.