अकरावीचा फाटा: कला आणि विज्ञान वेगळे कसे झाले

बी.एस्सी.च्या मुलाने इतिहासाचा आणि बी.ए.च्या मुलीने विज्ञानाचा एखादा पेपर घ्यायचा, ही रीत सातारा-सांगलीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. स्वायत्त महाविद्यालयांत ती वर्षभर आधीच सुरू झाली होती. असा बाहेरचा पेपर म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. तो मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा, अशी अट राज्याच्या २०२३ च्या शासन निर्णयात आहे. मायनरला, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीच्या दुय्यम विषयाला, ती सक्ती नाही. तो त्याच शाखेतला चालतो.

आपल्या भागाला कला-विज्ञानाचं हे एकत्र नांदणं नवं नाही. शस्त्रांना धार लावणारी मिरजेतली शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात सतार-तानपुऱ्याकडे वळली. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढणारा कारागीर कानाने जे साधतो, त्याचं भौतिकशास्त्र पुढे नोबेल मिळवणाऱ्या सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

खरा गुंता आहे तो दहा-अधिक-दोनचा, म्हणजे दहावीपर्यंत शाळा आणि पुढे अकरावी-बारावी या रचनेचा. साठच्या दशकातल्या शिक्षण आयोगाची शिफारस १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात आली आणि महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याआधी अकरावी मॅट्रिक झाल्यावर कॉलेजात आर्ट्स की सायन्स हे ठरायचं. आता ते एक वर्ष अलीकडे आलं. गणित-विज्ञान दहावीपर्यंत सगळ्यांना मिळालं, हा या बदलाचा मोठा लाभ, तो नाकारता येणार नाही. पण त्यानंतरचा रस्ता एकेरी झाला. बारावी सायन्स झालेल्याला बी.ए.ला जाता येतं. बारावी आर्ट्सवाल्याला बी.एस्सी.चं दार सहसा बंद. पंधराव्या वर्षी, बहुतेकदा दहावीच्या टक्क्यांवर घेतलेला निर्णय जन्मभर पुरतो. टक्के कमी म्हणून आर्ट्स, ही समजूत याच एकेरी रस्त्याने पक्की केली, असं मला वाटतं. आणि गंमत नव्हे, खेद याचा की बोर्डाच्या पुस्तकावरच 'गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)' असं छापलेलं असतं! नियमाने आर्ट्सच्या विद्यार्थ्याला तो विषय घेता येतो. तालुक्याच्या ठिकाणी आर्ट्सच्या वर्गाला गणित शिकवणारं ज्युनिअर कॉलेज मात्र सहसा सापडत नाही.

शाळेत ही वाटणी रुजत होती तेव्हाच, १९७६ मध्ये, वाईत तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. संपादनासाठी मानव्यविद्या आणि विज्ञान असे कक्ष वेगळे, पण छापताना नोंदी अकारविल्हे. म्हणून पहिल्या खंडात 'अ' पासून 'आतुरचिकित्सा' पर्यंत काव्य, धर्म, रसायन, वैद्यक सगळं शेजारी शेजारी.

पुढे २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शाखांमधल्या कडक भिंती नकोत असं म्हटलं. साताऱ्यात एकाच संस्थेची कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांची स्वतंत्र महाविद्यालयं २०२१ मध्ये समूह विद्यापीठात एकत्र आली. पण प्रत्यक्षात झालं ते सगळं बारावीनंतरचं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, सातारा-सांगलीतलेही. त्या अर्जातही विद्यार्थ्याला आधी शाखाच निवडावी लागते, आणि आर्ट्सहून सायन्सकडे जायची सोय अजून झालेली नाही.