वणव्यानंतरचे पुनर्वसन आणि चर्च (मराठवाडा)

डोंगर दुपारी पेटतो आणि रात्रीपर्यंत विझतो. त्यात मोडलेला संसार सावरायला मात्र दोन-तीन पावसाळे जातात. या मधल्या काळात ख्रिस्ती मंडळ्या आपद्ग्रस्तांना जी साथ देतात, तिचा समावेश दीर्घकालीन पुनर्वसनात होतो. तातडीच्या मदतकार्याहून हे काम वेगळे. तिथे ट्रक येतात, फोटो निघतात. इथे सातबारा, पंचनाम्याची प्रत आणि पासबुक घेऊन तहसीलचे खेटे घालावे लागतात.

या कामाची घडी अमेरिकेत चांगली बसली आहे. 8 नोव्हेंबर 2018 रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव वणव्यात जवळजवळ बेचिराख झाले. 85 माणसे दगावली, 18 हजारांहून अधिक बांधकामे जळाली. अशा वेळी तिथले पंथ कामे वाटून घेतात. ॲडव्हेंटिस्ट गोदामे सांभाळतात, मेथडिस्ट एकेका कुटुंबाचा पाठपुरावा करतात, मेनोनाइट हातोडा-करवत घेऊन घरे बांधतात. ऑगस्ट 2023 मध्ये हवाईतील लहैना जळाले तेव्हा वायोला चर्चची वास्तूच गेली. मराठी ख्रिस्ती भाषेत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, ते अशा प्रसंगी फार नेमके वाटते: इमारत जळते, मंडळी उरते.

मराठवाड्यातला वणवा सहसा अख्खे गाव खात नाही. फेब्रुवारी ते मे या काळात गौताळा, बालाघाटाच्या रांगा आणि किनवटची पानगळीची जंगले वाळून कोरडीठाक झालेली असतात. कोणी बांध पेटवतो, कोणी विडी टाकतो, कोणी मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतो, आणि वारा बाकीचे करतो. जाते ते कुरण, गोठा, सीताफळाची झाडे, आंब्याची कलमे आणि कडब्याची गंजी. गंजी जळणे वरवर किरकोळ वाटते, पण मार्चमध्ये कडबा गेला तर हिरवा चारा उगवेपर्यंत तीन महिने दावणीला टाकायला काही नसते. बैलजोडी पडत्या भावाने बाजारात जाते आणि मृगाला पेरणीसाठी भाड्याचा ट्रॅक्टर शोधावा लागतो. म्हणून इथे पुनर्वसनाची पहिली पायरी छप्पर नव्हे, चारा ही आहे.

आग ही शासनाच्या अधिसूचित आपत्तींपैकी एक असल्याने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळू शकते. त्यासाठी पंचनामा वेळेत व्हावा लागतो. गायरानावरचे गवत मात्र कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे मेंढपाळाचे नुकसान कागदावर उमटतच नाही. गावात राहणारा पाळक (मंडळीचा धर्मगुरू) किंवा दवाखान्यातली सिस्टर खरी उपयोगी पडते ती इथे, कारण कोणाच्या घरी किती शेरडे होती हे त्यांना पंचनाम्याआधीच ठाऊक असते.

संख्येने इथला ख्रिस्ती समाज अगदी लहान. एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत 1977चा. प्रोटेस्टंटांपैकी अनेक मंडळ्या 1970 मध्ये स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये आहेत. ऐपत बेताचीच. कापणीच्या सणाला लोक ज्वारीचे पायलीभर धान्य, भोपळा, एखादी कोंबडी वेदीपाशी आणून ठेवतात. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो आणि कोंबडीची बोली हसतखेळत बाजारभावाच्या वर जाते. मंडळीचा हाताशी असलेला निधी बहुधा असाच जमतो.

आपत्तीचा मोठा अनुभव आला तो 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपातून. लातूर-उस्मानाबादमधील 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. दात्या संस्थांनी गावे दत्तक घेतली, त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. घरे झाली, पण आखीव चौकोनी गावठाणांत जुने शेजार तुटले. ही चूक वणव्यानंतरही टाळण्यासारखी आहे.

जळालेल्या उतारासाठीचा धडा शेजारच्या नगर जिल्ह्यातून मिळतो. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने तिथे पाणलोटाची चळवळ वाढली आणि 1993 मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. जालन्यातल्या भोकरदन तालुक्यातही तिचे काम आहे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान आणि समतल चर ही तिची सूत्रे. वणव्यानंतरचा पहिला पाऊस उघड्या मुरमावरून माती वाहून नेतो, तेव्हा चर त्याआधीच खणलेले हवेत. चराईबंदीची दुसरी बाजूही आहे: गवत माजते, मग जाळरेषा (आग अडवणारे गवत काढलेले पट्टे) काढल्या नाहीत तर पुढचा वणवा अधिक भडकतो.

अडथळे दोन. ख्रिस्ती मदतीकडे धर्मांतराच्या संशयाने पाहिले जाते. धार्मिक प्रचारासाठी मदत वापरायची नाही, असे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसची 1994ची आचारसंहिता सांगते आणि तिच्या मूळ पुरस्कर्त्यांत कॅरितास इंटरनॅशनॅलिस ही कॅथलिक मदतसंस्था व जागतिक चर्च परिषद होत्या. तरी गावात विश्वास कागदाने बसत नाही, यादीत पहिले नाव कोणाचे यावरून बसतो. दुसरा अडथळा पैशाचा. विदेशी देणगी कायद्यातील 2020च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आपली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यापर्यंत झिरपणारा तो पैसा थांबला, आणि लहान मंडळ्यांची भिस्त पुन्हा दानार्पणाच्या पेटीवर व कापणीच्या लिलावावर आली.