नेतृत्व फक्त संघप्रमुखालाच लागते का?

एकट्याने ऑनलाइन काम करणाऱ्या फ्रीलान्सरला नेतृत्वाची गरज नसते, कौशल्य असले की प्रकल्प आपोआप यशस्वी होतो, हा समज बराच काळ रूढ असला तरी तो अर्धवट आहे. विपिन गुप्ता, इयान मॅकमिलन आणि गीता सुरी या व्यवस्थापन अभ्यासकांनी २००४ साली उद्योजकीय नेतृत्वाची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी अधिकारपद नसून दोन कामे आहेत: अनिश्चिततेतही शक्य कोटीतील भविष्याचे चित्र उभे करणे आणि ते साकारण्यासाठी लागणारी माणसे जोडणे. फ्रीलान्सरच्या बाबतीत ही माणसे म्हणजे बहुधा ग्राहकच. ‘वेबसाइट आधुनिक दिसावी’ एवढ्याच सूचनेवर काम सुरू करणारा निष्णात डिझायनरही दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत अडकतो, कारण काम पूर्ण झाले असे कधी म्हणायचे, हे कोणी ठरवलेलेच नसते; याउलट वेबसाइटचा उद्देश काय, दुरुस्त्या किती आणि अंतिम निर्णय कोणाचा, हे आधीच लेखी ठरवून घेणारा डिझायनर प्रकल्पाची दिशा स्वतः राखतो. अर्थात, कच्चे काम गोड बोलण्याने तरत नाही. शिवाय यश केवळ वेळ, खर्च आणि दर्जा यांवर मोजणे अपुरे असल्याचे प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉजर अ‍ॅटकिन्सन यांनी १९९९ मध्येच दाखवले होते. मुदतीत, ठरल्या खर्चात आणि अपेक्षित दर्जाची सोपवलेली, पण ग्राहकाने कधीच न वापरलेली वेबसाइट त्या तिन्ही कसोट्यांवर उत्तीर्णच ठरते.