ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

मुंबई व नवी मुंबई यांच्यामधील ठाणे खाडीतील संरक्षित क्षेत्र. ऐरोली व वाशी पुलांच्या दरम्यान, मुख्यतः पश्चिम काठाने पसरलेले. राज्य शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी ते अधिसूचित केले. क्षेत्र सु. १,६९० हेक्टर, पैकी सु. ८९६ हेक्टर कांदळवन, बाकी खाडीचे पाणी व चिखलपट्टी. मालवणनंतरचे (१९८७) हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींची यादी) समावेश. त्या यादीत दिसणारा सु. ६,५२१ हेक्टर हा आकडा भोवतालचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा धरून आहे. दोन्ही आकड्यांची गल्लत वारंवार होते.

फ्लेमिंगो (रोहित) येथे मोठ्या संख्येने कधीपासून येऊ लागले याविषयी एकवाक्यता नाही. बहुतेक नोंदी १९९० च्या दशकाच्या आरंभाकडे बोट दाखवतात. कारणांविषयीही दोन मते आहेत. एका मतानुसार गुजरातेतील अधिवासांतल्या बदलांमुळे थवे दक्षिणेकडे सरकले. दुसरे मत सांडपाण्याला महत्त्व देते : त्यातील नायट्रोजन-फॉस्फरसमुळे नीलहरित शैवाल फोफावले आणि लहान फ्लेमिंगोचे तेच प्रमुख खाद्य आहे. ओहोटीला चिखलात चोच उलटी धरून गाळ गाळणारे थवे पाहता दुसरे मत अधिक पटते. मात्र ते खरे असेल, तर खाडीच्या प्रदूषणाकडे केवळ हानी म्हणून पाहता येत नाही, ही अडचण उरतेच.

अभयारण्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चा आधार आहे. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात कलम २६-अ आले. प्रादेशिक जलक्षेत्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर केंद्राची पूर्वसंमती, नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी विचारविनिमय आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची तजवीज या अटी त्यात आहेत. प्रश्न आहे तो खाडीचा. प्रादेशिक समुद्र आधाररेषेपासून (समुद्रहद्द मोजण्यासाठी किनाऱ्यालगत धरलेली रेषा) बाहेर १२ सागरी मैल मोजला जातो; आधाररेषेच्या जमिनीकडील पाणी ‘अंतर्गत जल’ ठरते आणि ठाणे खाडी त्यातच बसते. शब्दशः वाचले, तर खुल्या समुद्रातील मच्छीमाराला मिळणारी हमी खाडीत निवट्या-चिंबोऱ्या पकडणाऱ्या कोळ्याला लागू होईलच असे नाही. कायद्याचा हेतू पाहता संकुचित अर्थ लावणे योग्य वाटत नाही.

कांदळवनाला, म्हणजे येथे प्रामुख्याने तिवराला, स्वतंत्र संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तोडीस व भोवतालच्या ५० मीटरमधील बांधकामास मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा (जीविताचा हक्क) भंग मानला. शासकीय जमिनीवरील कांदळवने वनक्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचे काम २००५ च्या आदेशातून निघाले. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र त्याच्याच अखत्यारीत आहे. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना (१९९१, सुधारित २०११ व २०१९) याशिवाय लागू आहे.

भरतीला चिखलपट्टी बुडाली की थवे नेरूळ-सीवूड्सकडील पाणथळींवर विसावतात. या पाणथळी अभयारण्याच्या सीमेबाहेर पडतात. शिवडीची प्रसिद्ध चिखलपट्टीही सीमेच्या दक्षिणेस आहे.