टार्मिगनची पिसं आणि स्फॅग्नमचं पाणी

टार्मिगन या पक्ष्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘पी’ असतो, पण तो कुणी उच्चारत नाही. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतलं हे नाव १६८४ मध्ये रॉबर्ट सिबाल्ड या एडिनबरोच्या वैद्याने ग्रीक वळणावर नेलं आणि तो ‘पी’ कायमचा चिकटला. पक्षी आपल्या तित्तिराच्याच कुळातला. स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म डोंगरांच्या खडकाळ माथ्यावर राहणारा, थंडीसाठी बोटांवरसुद्धा पिसं असलेला. वर्षातून तीनदा पिसं बदलतो. उन्हाळ्यात दगडासारखा करडा-तपकिरी आणि हिवाळ्यात बर्फासारखा पांढरा.

त्याच हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, पाणी साचतं तिथे स्फॅग्नम मॉस हे शेवाळासारखं झाड वाढतं. त्याला मुळं नसतात. पानांतल्या हिरव्या पेशींच्या मधे मोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात आणि त्या पाणी धरून ठेवतात. ऑर्किड लावणाऱ्यांना नर्सरीतल्या वाळक्या मॉसमुळे हा गुण चांगलाच ठाऊक आहे: वजनाच्या सुमारे वीसपट पाणी! शिवाय हे मॉस भोवतालचं पाणी आम्ल करतं. त्यामुळे मेलेला भाग धड कुजत नाही, त्याचं पीट होतं, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर साचतो. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर.

पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला, तेव्हा शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर यांनी जखमांसाठी हेच मॉस सुचवलं. गावोगावी बायका-मुलांनी ते दलदलीतून गोळा केलं, काड्याकचरा निवडून वाळवलं, पिशव्यांत भरलं. १९१८ पर्यंत ब्रिटनमधून महिन्याला सुमारे दहा लाख पट्ट्या जात होत्या.

एवढे उपकार असूनही १९८० च्या दशकात करसवलतींच्या आधारे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फ्लो कंट्री या दलदलीच्या प्रदेशात चर खणून सूचिपर्णी झाडं लावली गेली. दलदल सुकू लागली. १९८८ च्या अर्थसंकल्पाने त्या सवलती बंद केल्या. २०२४ मध्ये फ्लो कंट्री जागतिक वारसास्थळ झाली.

टार्मिगन आणि स्फॅग्नम या दोघांची तुलना करताना मला एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. टार्मिगनची पिसं मुख्यतः दिवसाच्या लांबीनुसार बदलतात. बर्फ लवकर वितळला तर पांढरा पक्षी उघड्या खडकावर लांबूनच दिसतो, आणि ऊब वाढली तरी माथ्याच्या वर सरकायला त्याला जागा नाही. डोंगर उंच करणं आपल्या हातात नाही. दलदलीतले चर बुजवणं मात्र आहे. पाणी पुन्हा चढतं, पीटमधला कार्बन हवेत जायचा थांबतो आणि बुजवलेल्या चरातच स्फॅग्नमचे पहिले हिरवे झुपके परततात.