विझत जाणाऱ्या सुरांचा हिवाळा

जॉर्ज विन्स्टन यांचा 'डिसेंबर' हा अल्बम १९८२ साली आला. त्यात एकट्या पियानोशिवाय काही नाही; गायन नाही, ताल धरायलाही कुणी नाही. विन्स्टन जन्मले अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आणि वाढले मुख्यतः मोंटानात, लांबलचक, बर्फाळ हिवाळ्यांच्या प्रदेशात. तो हिवाळा या वादनात मला सर्वांत जास्त जाणवतो तो स्वर वाजून गेल्यावर. विन्स्टन स्वराला विझायला वेळ देतात, आणि पियानोचा स्वर विझतो कसा, ही भौतिकशास्त्रातली फार सुंदर गोष्ट आहे.

पियानोची पट्टी दाबली की आतली नमद्याची हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. पुढे वादकाच्या हाती फारसं काही उरत नाही. व्हायोलिनचा गज स्वराला ऊर्जा पुरवत राहतो, तशी सोय इथे नाही. तार बारीक, तिच्याने हवा फारशी हलत नाही. म्हणून तिची कंपनं घोडीवरून, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या लाकडी आधारावरून, खालच्या रुंद लाकडी फळीत उतरतात आणि आपल्याला ऐकू येते ती मुख्यतः ही फळी.

बहुतेक पट्ट्यांना एक नव्हे, तीन तारा असतात. हातोडी तिघींना एकदमच मारते, त्या एका लयीत वरखाली होतात आणि मिळून घोडीला जोरात ढकलतात. आवाज मोठा येतो, पण ऊर्जाही भराभर खर्च होते. मात्र तिन्ही तारा अगदी तंतोतंत एकाच सुरात कधीच नसतात. केसभर फरक राहतोच, त्यामुळे थोड्या वेळात त्यांची लय फुटते. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, घोडीवरचे धक्के एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. आता ऊर्जेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि हलका सूर बराच वेळ रेंगाळतो. भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७ साली हे उलगडून दाखवलं. तेही मिशिगन विद्यापीठातच! तानपुऱ्याची जोडी लावणाऱ्याला केसभर फरकाचं मोल वेगळं सांगायला नको.

उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे, आवाज दाबून धरणारे दट्टे उचलले जातात. मग न वाजवलेल्या तारासुद्धा ओळखीच्या स्वराला गुणगुणून साथ देतात. सतारीच्या तरफेच्या तारांसारखंच हे.

ऋतू या वाद्याच्या अंगातही शिरतो. ती फळी बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते. हवा दमट झाली की ती फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कडाक्याच्या थंडीत घरं तापवल्याने आतली हवा कोरडी पडते, फळी आक्रसते आणि सूर उतरतो. आपल्या तबल्याचं याच्या उलट: पावसाळ्यात कातडं सैल पडून सूर उतरतो आणि तो चढवायला बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकावे लागतात.

'डिसेंबर'मधली शेवटची रचना 'पीस', म्हणजे शांती. ती रात्री, पंखा बंद करून ऐका. एखादा स्वर निवडा आणि पुढचा येईपर्यंत त्याचा पाठलाग करा. आधी तो झपकन खाली येईल, मग मध्येच उतार मंदावेल. तिथून पुढे कानावर येतो तो लय फुटलेल्या तारांचा सूर.